दुर्बिणीचे तीन स्क्रू

‘दुर्बीण’ हा शब्द तुम्हांला नवा नाही. घरी आपण ‘दूरबीन’ म्हणतो, तीच ही. फारसीतून हा शब्द उर्दूत आला, तसा मराठीतही आला आणि इथे येताना थोडा बदलला. मराठीत ‘दुर्बीण’ लिहिताना बी दीर्घ. पण ‘दुर्बिणीचा’, ‘दुर्बिणीतून’ असे लिहिताना तो ऱ्हस्व होतो. परीक्षेत या ठिकाणी बऱ्याच जणांचा अर्धा गुण जातो, म्हणून आधीच सांगून ठेवले.

वाकोल्यातील आमच्या शाळेत एक दुर्बीण आहे. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याने ती भेट दिली. तिच्या पुढच्या भिंगाचा व्यास ८० मिलिमीटर आणि नाभीय अंतर ९०० मिलिमीटर आहे. भिंग म्हणजे तुमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकातील ‘अदसा’. ज्या दुर्बिणीत पुढे आरसा नसून भिंग असते, तिला अपवर्ती दुर्बीण म्हणतात. चंद्रावरचे खड्डे, गुरूचे चार चंद्र आणि शनीची कडी पाहायला एवढी दुर्बीण पुरेशी आहे. वाकोल्याच्या आकाशात याहून जास्त काही दिसण्याची आशा कमीच. एका बाजूला हमरस्त्याचे दिवे, दुसऱ्या बाजूला विमानतळ. तरी गच्चीवर दुर्बीण ठेवली की मुलांची रांग लागते.

जानेवारी महिन्यातील एका रात्री आम्ही गुरू ग्रह पाहायला जमलो होतो. जिन्यातून दुर्बीण वर नेताना नववीतील एका मुलाच्या हातून तिचा मागचा भाग कठड्यावर आपटला. आवाज मोठा झाला. गच्चीवर गेल्यावर मी १५० पट मोठे दाखवणारी नेत्रिका लावली आणि गुरूकडे दुर्बीण वळवली. गुरू गोल दिसेना. त्याच्या एका कडेला ब्रशने रंग फासावा तसा उजेड पसरला होता, आणि त्याच्यावरचे पट्टे पुसट झाले होते. एकेक मूल पाहत गेले आणि एकेक जण त्या मुलाकडे वळून पाहू लागले. तो जिन्याच्या दारापाशी उभा राहिला, रांगेत आला नाही. मीही त्या रात्री त्याला दोन शब्द बोललो. ते बोलायला नको होते. का, ते पुढे येईलच.

दुर्बिणीतून चित्र बिघडलेले दिसले की पहिला प्रश्न विचारावा : दोष दुर्बिणीचा आहे की हवेचा? आमच्या आसपास पत्र्याची छपरे पुष्कळ. दिवसभर ती तापतात आणि रात्री अकरापर्यंत गरम हवा वर सोडत राहतात. त्या हवेतून ग्रह पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. पण ही थरथर क्षणाक्षणाला बदलते. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. आमच्या गुरूची शेपटी मात्र दहा मिनिटे एकाच बाजूला होती. मग नेत्रिका तिच्या जागेवरच गोल फिरवून पाहिली. शेपटीही तिच्याबरोबर फिरली असती, तर दोष नेत्रिकेत असता. ती फिरली नाही. डोळ्यांत दोष असला तर मान तिरकी केल्यावर शेपटीही तिरकी होते. तीही झाली नाही. म्हणजे दोष दुर्बिणीच्या नळीत किंवा पुढच्या भिंगात होता.

आता हा दोष काय असतो, ते समजून घेऊ. भिंगाच्या मधोमध, त्याच्या दोन्ही पृष्ठभागांना काटकोनात जाणारी एक रेषा तुम्ही आकृतीत काढता. तिला मुख्य अक्ष म्हणतात. दुर्बिणीत पुढचे भिंग, म्हणजे वस्तुभिंग, आणि मागची नेत्रिका यांचे अक्ष एकाच रेषेत असावे लागतात. वस्तुभिंग थोडे जरी तिरपे बसले, तरी त्याचा अक्ष नेत्रिकेच्या बाजूने निघून जातो. मग ताऱ्याचा प्रकाश एका बिंदूत गोळा न होता एका बाजूला फाकतो. चष्मा नाकावर वाकडा बसला की वाचताना डोके दुखते ना, तशीच काहीशी गोष्ट. ३६ पट मोठे दाखवणाऱ्या नेत्रिकेतून चंद्र पाहिला, तर हा दोष कळतही नाही. १५० पट केले की तो लपत नाही.

आमचे वस्तुभिंग एक दिसत असले, तरी ती दोन भिंगे आहेत. एकाच भिंगातून वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश वेगवेगळ्या अंतरावर गोळा होतो आणि ताऱ्याभोवती जांभळी-निळी कड दिसते. इंग्लंडमध्ये चेस्टर मूर हॉल यांनी १७३३ च्या सुमारास दोन जातींच्या काचांची भिंगे जोडून ही कड कमी केली आणि १७५८ मध्ये जॉन डॉलंड यांनी त्या रचनेचे पेटंट घेतले. ही दोन भिंगे एका धातूच्या कड्यात बसवलेली असतात, आणि ते कडे नळीच्या तोंडावर स्क्रूंनी पक्के केलेले असते. आमच्या दुर्बिणीच्या कड्यावर तीन ठिकाणी स्क्रूंच्या जोड्या आहेत. जोडीतला एक स्क्रू कड्याला नळीकडे ओढतो, दुसरा त्याला नळीपासून दूर ढकलतो. दोघांची ओढाताण बरोबर जमली की कडे घट्ट बसते. या तीन जोड्यांनी भिंग हव्या त्या बाजूला केसभर झुकवता येते. स्वस्त दुर्बिणींत हे स्क्रू नसतात. तिथे फक्त मागची नळी सरळ करता येते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर आम्ही प्रयोगशाळेच्या टेबलावर दुर्बीण आडवी ठेवली. आडवीच ठेवायची, उभी ठेवून स्क्रू सैल केले, तर भिंग खाली येऊ शकते. साहित्य फार लागले नाही. पूर्वी फोटो स्टुडिओत कॅमेऱ्याच्या फिल्मची प्लास्टिकची काळी डबी मिळायची. तिची जाडी साधारण सव्वा इंच असते, आणि नेत्रिका बसवायचे भोकही सव्वा इंचाचे. अशा दोन डब्या मी जपून ठेवल्या होत्या. आता त्या सहज मिळत नाहीत. तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची नळीही चालते.

पहिल्या डबीच्या बुडाला मधोमध सुईने भोक पाडले. तिच्या उघड्या तोंडावर काळ्या दोऱ्याचे दोन तुकडे ताणून फुली केली. मग बटर पेपरची एक चकती वस्तुभिंगाच्या कड्याएवढी कापली. तिचे केंद्र कसे काढायचे, हे सातवीतील मुलगीही सांगेल : चकतीची दोनदा घडी घालायची, घड्या जिथे छेदतात तिथे पेन्सिलीने ठिपका. ही चकती कड्यावर चिकटवली, दुर्बिणीचे तोंड खिडकीकडे केले आणि डबी नेत्रिकेच्या जागी बसवली. दुर्बिणीत काटकोनात वळवणारा आरसा असतो, तो आधी काढून ठेवला होता. आता भोकातून पाहिले, तर उजळ कागदावर दोऱ्यांची फुली दिसते. फुली ठिपक्यावर आली, तर मागची नळी भिंगाच्या बरोबर मध्याकडे पाहते आहे. आमची फुली ठिपक्यापासून जेमतेम दोन मिलिमीटर बाजूला होती. एवढे चालते. जास्त असते, तर मागची नळी जिथे मोठ्या नळीला जोडलेली असते, तिथले स्क्रू सैल करून ती सरकवावी लागली असती.

इथे मी थांबलो. दुर्बीण मागच्या बाजूने आपटली होती. रंग उडालेली खूणही तिथेच होती. मग मागचा भाग जवळजवळ सरळ कसा?

दुसरी तपासणी वस्तुभिंगाची. यासाठी इंग्लंडच्या चेशायर नावाच्या गृहस्थांनी सुमारे शंभर वर्षांपूर्वी एक युक्ती सुचवली. आमच्या दुसऱ्या डबीत तिचीच घरगुती नक्कल केली. डबीच्या बुडाला भोक पाडले. बाजूला बोटाच्या पेराएवढी खिडकी कापली. आत पांढरा कागद ४५ अंशांत तिरपा बसवला आणि त्यालाही बुडाच्या भोकासमोर छोटे भोक ठेवले. वस्तुभिंगावर झाकण लावले, खोलीचे पडदे ओढले आणि खिडकीतून टॉर्चचा उजेड त्या कागदावर टाकला. कागदावरून उजेड नळीतून भिंगाकडे जातो. काचेतून बराच उजेड पार होत असला, तरी प्रत्येक पृष्ठभागावरून थोडासा परत फिरतो. रात्री खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसतो, त्याच कारणाने. हा परतलेला उजेड भोकातून दिसतो : अंधारात लहान उजळ चकत्या, आणि प्रत्येक चकतीच्या पोटात एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे कागदाचे भोक. भिंग सरळ असेल, तर सगळ्या चकत्या एकाच केंद्राभोवती येतात. भिंग तिरपे असेल, तर त्या एकमेकींपासून सरकतात.

आमच्या चकत्या अशा सरकल्या होत्या, जशा जत्रेतून परतणाऱ्या माणसांच्या ओळी.

मग मी स्क्रूंना हात लावला. दोन जोड्या घट्ट होत्या. तिसऱ्या जोडीतला ढकलणारा स्क्रू दोन बोटांनी फिरला. तो कड्याला टेकलेलाच नव्हता. आता विचार करा. आपटल्याने नळीला पोचा पडेल, काच तडकेल. पण मागून बसलेल्या धक्क्याने पुढचा एकच स्क्रू चार-पाच फेरे उलटा फिरणार नाही. तो कोणीतरी फिरवलेला असतो. आणि ते कोणी केले, हे मला तेव्हाच आठवले. पावसाळ्यानंतर भिंगाच्या आतल्या बाजूला बुरशीचा ठिपका दिसला होता. मुंबईच्या दमट हवेत भिंगांना हा रोग हटकून होतो. दिवाळीच्या सुट्टीत मीच ओढणारे तीन स्क्रू काढून कडे उतरवले, काच पुसली आणि कडे परत लावले. लावताना पहिला स्क्रू पूर्ण आवळला, मग दुसरा, मग तिसरा. ढकलणाऱ्यांकडे पाहिलेच नाही. त्यानंतर दोन वेळा आम्ही चंद्र पाहिला, तोही ३६ पट. म्हणून दोष दिसला नाही. तो दिसला नेमका त्या रात्री, ज्या रात्री दुर्बीण आपटली.

हे मी त्याच तासाला, सगळ्यांसमोर, त्या मुलाला सांगितले. वर्गात शांतता पसरली. मग त्याने विचारले, “सर, तो स्क्रू मी फिरवू का?”

फिरवण्याची रीत अशी. एका वेळी एकाच जोडीला हात लावायचा. कडे नळीकडे झुकवायचे असेल, तर ढकलणारा आधी पाव फेरा सैल करायचा, मग ओढणारा तेवढाच आवळायचा. उलट झुकवायचे असेल, तर आधी ओढणारा सैल. तिन्ही जोड्या एकदम सैल करायच्या नाहीत. जोर लावायचा नाही. काच धातूत फार आवळली गेली, तर तिच्यावर ताण येतो आणि तारा त्रिकोणी दिसू लागतो. आणि कड्याच्या आत दोन भिंगांना धरून ठेवणारी जी चकती असते, तिला हात लावायचाच नाही. त्या दोन काचांमधले अंतर कारखान्यात ठरलेले असते. सगळे स्क्रू नीट केल्यावरही चकत्यांचे दोन वेगळे गट राहिले, तर त्या दोन काचाच एकमेकींवरून सरकल्या आहेत असे समजावे आणि दुर्बीण जाणकाराकडे न्यावी.

कोणता स्क्रू फिरवला की चकत्या कुठे जातात, हे पाठ करण्यात अर्थ नाही. थोडा फिरवावा आणि पाहावे. एक जण डबीतून पाहत होता आणि “इकडे”, “बस”, “वापस” असे सांगत होता. दुसरा फिरवत होता. चाळीस मिनिटांत चकत्या एकावर एक आल्या.

पण टेबलावरची तपासणी शेवटची नव्हे. शेवटचा निकाल तारा देतो. चांगल्या दुर्बिणीतूनही तारा मोठा दिसत नाही. जास्त पट मोठे केल्यावर दिसते ती प्रकाशाची एक बारीक चकती आणि तिच्याभोवती अंधुक वर्तुळे. असे का होते, याचे गणित जॉर्ज एअरी यांनी १८३५ मध्ये मांडले. फोकस किंचित बिघडवला की ही वर्तुळे पसरून स्पष्ट होतात. सगळी एकाच केंद्राभोवती असतील तर भिंग सरळ. वर्तुळे एका बाजूला दाटली आणि दुसऱ्या बाजूला पसरली, तर अजून काम बाकी.

यासाठी ध्रुवतारा सोयीचा, कारण तो जवळजवळ जागेवर राहतो. पण मुंबईतून तो क्षितिजापासून फक्त १९ अंश वर असतो. तिथली हवा जाड आणि धुरकट, आणि आमच्याकडे तर मध्ये इमारत. म्हणून तारा डोक्यावरचा घ्यावा. जानेवारीच्या मध्याला रात्री साडेनऊच्या सुमारास रोहिणी नक्षत्राचा तांबूस तारा आपल्या जवळजवळ डोक्यावर येतो. तुम्ही त्याला ‘अद्-दबरान’ म्हणून ओळखाल. या अरबी नावाचा अर्थ ‘मागून येणारा’. कोणाच्या मागून? सुरैयाच्या, म्हणजे मराठीतील कृत्तिकांच्या. उन्हाळ्यात स्वाती डोक्यावर असते. तिचे अरबी नाव ‘अस्-सिमाक अर्-रामिह’. इंग्रजी पुस्तकांत अल्डेबरान, अल्तायर, रायजेल अशी नावे वाचाल, तेव्हा ती आधी कानाला ऐकवा. ती तुम्हांला ओळखीची लागतील.

१५० पट मोठे केल्यावर तारा नेत्रिकेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साधारण सव्वा मिनिटात निघून जातो. पृथ्वी फिरते, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी तारा मध्यभागी आणूनच निकाल द्यावा. कडेला असलेला तारा सरळ भिंगातूनही तिरपा दिसू शकतो. कोणत्या जोडीला हात लावायचा, हे शोधायला एक सोपा उपाय आहे. फोकस बिघडवून ठेवा आणि दुसऱ्याला भिंगासमोर बोट धरायला सांगा. बोटाची सावली वर्तुळांत दिसते. जिथे वर्तुळे पसरली आहेत तिथे सावली आली, की बोटाजवळची जोडी हीच ती. आठव्या भागाचा फेरा, पुन्हा तारा मध्यभागी, पुन्हा पाहणे. स्क्रू फिरवला की तारा थोडा सरकतो, घाबरू नका.

आकाश ढगाळ असेल, तर दिवसाही तारा तयार करता येतो, फक्त ऊन हवे. सायकलच्या दुकानात बेअरिंगचे छर्रे मिळतात. एक छर्रा काळ्या कागदावर चिकटवून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, चाळीस मीटरवर ठेवा. त्यावर सूर्याचा कण चमकतो, तोच तारा. फोकसची नळी नेहमीपेक्षा दोन सेंटिमीटर जास्त बाहेर काढावी लागेल. सूर्य तुमच्या पाठीमागे असला पाहिजे. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, एका क्षणासाठीही पाहू नका. डोळा कायमचा जातो.

आम्हांला चूक सुधारायला हव्या तितक्या रात्री होत्या. काही लोकांना दोनच मिनिटे मिळाली. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून महाराष्ट्रात शिरली. विजयदुर्ग किल्ल्यावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकयर आले होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या रेल्वे स्थानकाच्या गावी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी तळ टाकला होता. तिथेच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल आले. त्यांच्याजवळ ४० फूट नाभीय अंतराचा कॅमेरा होता. भिंग फक्त पाच इंचांचे. पण सूर्याची प्रतिमा पडे सुमारे साडेचार इंचांची. एवढी लांब नळी स्वतःच्या वजनाने वाकते आणि वाऱ्याने हलते. म्हणून भिंग उंच बुरुजावर, प्लेट खाली जमिनीलगत, आणि मधली नळी त्या दोघांपासून वेगळी, अशी रचना होती. म्हणजे आमच्या दुर्बिणीत जे काम तीन जोड्या स्क्रू करतात, ते तिथे माळरानावर लाकडी सांगाडे उभारून करावे लागले. खग्रास स्थिती दोन मिनिटांच्या आसपास टिकली. सूर्याच्या प्रभामंडलाची छायाचित्रे मिळाली.

पुढे १९०१ मध्ये हैदराबादेत नवाब जफर जंग यांनी १५ इंची अपवर्ती दुर्बीण आणली. तीच निजामिया वेधशाळेची सुरुवात. मराठवाड्याचे जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते, आणि ही वेधशाळा पुढे ज्या उस्मानिया विद्यापीठाकडे गेली, तिथे शिक्षण उर्दूतून होत असे. १५ इंची भिंग सरळ करायला त्यांना किती रात्री लागल्या असतील, असे मला कधी कधी वाटते.

आमच्या गच्चीवर तिसऱ्या रात्री वर्तुळे जमली. पहिल्यांदा कोणी पाहायचे, यावर वाद झाला नाही. तो नेत्रिकेला डोळा लावून बराच वेळ गप्प राहिला. वरून एक विमान गेले, गच्ची हादरली, तारा थरथरला आणि पुन्हा स्थिर झाला. मग तो एवढेच म्हणाला, “गोल आहे, सर.”

दुसऱ्या दिवशी त्याने घरून बहिणीची नेलपॉलिशची बाटली आणली आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कड्यावर एकेक लाल रेघ ओढली. स्क्रू हलला, तर रेघ तुटेल. अजून एकही तुटलेली नाही. भिंगावर पुन्हा बुरशीचा ठिपका दिसू लागला आहे. या वेळी कडे उतरवताना तो माझ्याशेजारी उभा असेल.